पाचवी खेळी

हरलेल्या डावाबद्दल कुणी विचारलं की बुद्धिबळ खेळणाऱ्यांचं एक ठरलेलं उत्तर असतं: "जिंकत आलो होतो हो, शेवटी घोळ झाला." मीही हे वाक्य वर्षानुवर्षं वापरत आलो आहे. ज्या डावाबद्दल आता लिहितो आहे त्याच्याबाबतीत तर मी ते क्लबात, घरी आणि सांगलीच्या मित्राजवळ, सगळीकडे वापरलं. ते खरं नव्हतं. त्या डावात मी एक क्षणही जिंकत नव्हतो. पाचव्या खेळीला डाव बिघडवला, चौदाव्या खेळीला संपवला, आणि मधला सगळा वेळ मी खुशीत होतो.

मी नोकरीच्या निमित्ताने इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहतो आणि तिथल्या एका जिल्हा लीगमध्ये खेळतो. लीग म्हटलं की आपल्याकडे रंगीत जर्सी, संघमालक आणि कॅमेरे डोळ्यांसमोर येतात. इथली लीग तशी नसते. आठवड्यातली एक संध्याकाळ, साडेसातची वेळ, पबमागची खोली नाहीतर चर्चचा हॉल. कामावरून थेट आलेली माणसं ओले कोट खुर्च्यांच्या पाठीवर टाकतात आणि मोहरी मांडायला लागतात. एका संघात सहा खेळाडू, सहा पट. जिंकलेल्याला एक गुण, बरोबरीला अर्धा. सहा पटांची बेरीज म्हणजे सामन्याचा निकाल, आणि हंगामाच्या शेवटी तळाचा संघ खालच्या डिव्हिजनमध्ये जातो. पैसा नाही, प्रेक्षक नाहीत. तरीही डिव्हिजन टिकवण्यासाठी माणसं पावसात तासभर गाडी हाकत जातात.

जुनी मंडळी सांगतात, पूर्वी रात्री वेळ संपली की अर्धा राहिलेला डाव पुढच्या तारखेवर जायचा. पुढची खेळी कागदावर लिहून पाकिटात बंद करायची, पाकीट कॅप्टनकडे द्यायचं. नाहीतर पटावरची स्थिती एखाद्या जाणकाराकडे पाठवायची आणि त्याने निकाल द्यायचा. हरलेला माणूस मग महिनाभर त्या जाणकाराला शिव्या घालायला मोकळा. आता प्रत्येकाला ठरावीक मिनिटं आणि दर खेळीला वाढीव सेकंद मिळतात, डाव त्याच रात्री संपतो. शिव्या घालायला कुणी उरत नाही.

मी सांगलीचा. हे इथे मुद्दाम सांगतो, कारण माझ्या चुकीची सुरुवात तिथून होते. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळामुळे सांगलीचं नाव बुद्धिबळाशी जोडलं गेलं. त्या गावातल्या पोराला घोड्याची अडीच घरं शाळेच्या आधी कळतात अशी बाहेरच्यांची समजूत असते, आणि आम्ही ती कधी खोडत नाही. इंग्लंडमध्ये तर या समजुतीला आणखी खत मिळतं. भारतीय माणूस क्लबात आला की समोरचा थोडा सावरून बसतो. पंजाबातून आलेल्या सुलतान खान यांनी १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकली, हे इथल्या सत्तरीच्या माणसांना तोंडपाठ आहे. २००२ मध्ये आर. बी. रमेश आणि २००३ मध्ये एडिंबरा इथे पुण्याचा अभिजित कुंटे हीच स्पर्धा जिंकून गेले. त्यानंतर बाहेरून येणाऱ्या राष्ट्रकुल खेळाडूंसाठी तिचे दरवाजे बंद झाले. आमच्या कॅप्टनला पहिल्याच दिवशी मी महाराष्ट्राचा असल्याचं कळलं तेव्हा तो "कुंटे!" एवढंच म्हणाला. मी हसून मान डोलावली. कुंटे आणि माझ्या खेळात साधारण आठशे रेटिंग गुणांचं अंतर आहे, हे सांगायची गरज मला वाटली नाही.

उधार आणलेल्या या नावाला शोभेल असं काहीतरी खेळायचं, हा किडा तिथून डोक्यात शिरला. पहिल्या हंगामात मी साधं, सरळ खेळलो आणि बऱ्यापैकी गुण मिळवले. पण साध्या खेळाची कुणी आठवण काढत नाही. दुसऱ्या हंगामात मी इव्हान्स गॅम्बिट उचललं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन्हीकडची राजापुढची प्यादी दोन-दोन घरं पुढे येतात, दोघांचा एकेक घोडा बाहेर पडतो, पांढरा उंट सी४ वर, काळा उंट सी५ वर. इथपर्यंत सगळं शाळेतलं. चौथ्या खेळीला पांढरा आपलं बी प्यादं दोन घरं पुढे ढकलून काळ्या उंटाच्या तोंडात देतो. उंटाने ते खाल्लं की सी प्याद्याने त्याला हुसकायचं, डी प्यादं पुढे रेटून मध्य काबीज करायचा आणि राजावर तुटून पडायचं. ही कल्पना कॅप्टन विल्यम डेव्हिस इव्हान्स नावाच्या वेल्श दर्यावर्दी माणसाची, १८२० च्या दशकातली. १८५२ मध्ये बर्लिनला अँडरसनने दुफ्रेनविरुद्ध याच गॅम्बिटमधून जो डाव जिंकला तो 'सदाहरित' डाव म्हणून आजही मुलांना दाखवतात. मग बचावाचं तंत्र सुधारलं आणि ही सुरुवात अडगळीत पडली. १९९५ मध्ये रिगाला कास्पारोव्हने ती बाहेर काढली, तीही आनंदविरुद्ध, आणि पंचवीस खेळ्यांत जिंकला. आपल्या माणसाचा पराभव असूनही तो डाव मी किती वेळा पाहिला असेल याचा हिशेब नाही.

मी अभ्यास मनापासून केला, हे माझ्या बाजूने म्हणता येईल. रोज रात्री जेवणानंतर लॅपटॉप उघडून बसायचो. उंट ए५ वर गेला तर काय, ई७ वर गेला तर काय, सी५ वर परतला तर काय, सगळ्या फांद्या रंगीत अक्षरांत लिहून ठेवल्या. एका फांदीत बाविसाव्या खेळीपर्यंत मला पाठ होतं. पण या सगळ्या फांद्यांत समोरच्याने प्यादं खाल्लेलं होतं. तो न खाताही उंट मागे, बी६ वर, नेऊ शकतो ही गोष्ट मला ठाऊक होती. मात्र त्या फांदीत हल्ला नाही, बळी नाही, अँडरसन नाही. संथ खेळ. मला त्यात रस नव्हता. फाइलच्या तळाशी तिच्यासाठी एकच ओळ होती. ती काय होती ते पुढे येईलच.

मार्चमधला तो सामना आम्ही परगावी खेळलो, एका जुन्या कामगार क्लबाच्या वरच्या मजल्यावर. आमचा संघ तळापासून दुसरा होता. त्या रात्री तीन-तीन अशी बरोबरी झाली तरी आम्ही वरच्या डिव्हिजनमध्ये टिकणार होतो. गाडीत कॅप्टनने प्रत्येकाला दोन-दोन वाक्यं सांगितली. मी तिसऱ्या पटावर, आणि आमच्या लीगमध्ये पाहुण्या संघाला विषम पटांवर पांढरी मोहरी मिळतात. मला तो म्हणाला, "तुझ्यासमोर त्यांचा म्हातारा येईल. त्याच्याशी लांब खेळ. काही पेटवू नकोस."

मी "हो" म्हणालो. त्या वेळी ते मनापासून म्हणालो की नाही, हे आता मलाही सांगता येणार नाही. खुर्चीवर बसेपर्यंत मी पेटवायचं ठरवलेलं होतं एवढं नक्की.

म्हातारा पंचाहत्तरीच्या आसपासचा असावा. स्वेटरच्या कोपरांना चामड्याची ठिगळं, चष्मा दोरीने गळ्यात. इंग्लंडमध्ये २०२० पर्यंत तीन आकडी ग्रेडिंग होतं, मग चार आकडी रेटिंग आलं: जुन्या आकड्याला साडेसातने गुणायचं आणि सातशे मिळवायचे. "मी अजून स्वतःला १४० चाच समजतो," तो मोहरी सारखी करत म्हणाला. मी मनात गुणाकार केला. सतराशे पन्नास. माझ्याहून थोडं जास्त, पण वयाने खाली येत असलेलं. हा हिशेबही मी माझ्या सोयीचाच केला.

घड्याळ सुरू झालं. ई४, ई५. घोडा, घोडा. उंट सी४, उंट सी५. माझ्या छातीत धडधड, कारण आता माझी वेळ आली होती. मी बी प्यादं दोन घरं सरकवलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला, प्याद्याकडे पाहिलं आणि उंट उचलून बी६ वर ठेवला.

मी चिडलो. हो, चिडलोच. इतक्या रात्रींचा अभ्यास त्याने एका खेळीत फेकून दिला होता. आणि त्याच वेळी मला वाटलं की तो घाबरला. प्यादं खायची छाती झाली नाही म्हणून म्हातारा मागे सरला. मग मी माझं बी प्यादं आणखी एक घर पुढे ढकललं, बी५, त्याच्या घोड्यावर. घोडा हलला की ई५ वरचं काळं प्यादं उघडं पडतं आणि ते फुकट मिळतं, असं माझं गणित. पाचवी खेळी. तिच्यावर मी किती वेळ घालवला? माझ्या स्कोअरशीटवर खेळीशेजारी घड्याळाची वेळ लिहायची सवय आहे, म्हणून पुरावा आहे: एक मिनिटसुद्धा नाही.

घोडा ए५ वर आला. मी ई५ चं प्यादं माझ्या घोड्याने खाल्लं. एफ७ वर आता उंट आणि घोडा दोघांचाही डोळा. त्याचा दुसरा घोडा बाजूला, एच६ वर, आला आणि एफ७ धरून बसला. घोडा काठावर ठेवू नये, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. याचे दोन्ही घोडे दोन काठांवर बसले होते. मला आतून हसू येत होतं. पण पट नीट पाहिला असता तर एवढं दिसलं असतं: ए५ वरचा घोडा माझ्या सी४ च्या उंटावर होता, आणि ई५ वरच्या माझ्या घोड्याला डी प्याद्याचा एक धक्का पुरेसा होता. ए५ वर तो घोडा मीच नेऊन बसवला होता.

मी डी४ खेळलो, त्याने डी६. आता माझी दोन मोहरी एकाच वेळी संकटात. इथे मला झटका आला, पण मी तो झटका प्रतिभेचा समजलो. उंटाने एच६ चा घोडा खाल्ला. त्याने माझा ई५ चा घोडा. माझ्या उंटाने जी७ चं प्यादं खाल्लं, त्याचा हत्ती जी८ वर सरकला. मग दुसरा उंट एफ७ वर बळी देऊन शह, राजाने तो उंट खाल्ला, आणि माझ्या पहिल्या उंटाने ई५ चं प्यादं उचललं. अकरा खेळ्या झाल्या होत्या. बेरीज केली: त्याचं एक मोहरं जास्त, माझी चार प्यादी जास्त. पुस्तकी भावाने एक मोहरं म्हणजे तीन प्यादी. म्हणजे मी एका प्याद्याने पुढे, शिवाय त्याचा राजा उघड्यावर, किल्लेकोट करायचा हक्क गेलेला. आपण इव्हान्सच्या आत्म्याला शांती दिली असं मला वाटलं.

त्याने या अकरा खेळ्यांना मिळून माझ्याहूनही कमी वेळ घेतला होता. ही गोष्ट मी पाहिली आणि तिचा अर्थ असा लावला की म्हाताऱ्याला गांभीर्य कळत नाही.

तो विचार करत होता म्हणून मी उठलो आणि कोपऱ्यातल्या लहानशा स्वयंपाकघरात गेलो. कॅप्टन तिथे किटलीजवळ उभा होता, त्याचा डाव संपला होता. मी त्याच्यासमोर चार बोटं उभी केली आणि कुजबुजलो, "चार प्यादी." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग किटलीकडे. म्हणाला, "दूध घेतोस ना?"

संघाच्या सामन्यात कॅप्टनला फार थोडं बोलता येतं. बरोबरी मागू का, स्वीकारू का, हरलो म्हणू का, एवढ्यापुरताच सल्ला द्यायची त्याला जागतिक संघटनेच्या नियमांत मुभा आहे, आणि तोही पटावरच्या स्थितीबद्दल मत कळणार नाही अशा बेताने. खेळाडूने चालू डावाबद्दल त्याच्याशी गप्पा मारणंही चूकच. ती चूक मी केली होती. तो नियमाला धरून दुधाबद्दल बोलला. नंतर त्याने सांगितलं, माझ्या पटाशेजारून जाताना त्याने स्थिती पाहिली होती आणि त्याच्या पोटात गोळा आला होता.

चहाचा कप घेऊन परतलो तेव्हा काळा वजीर जी५ वर होता.

ही खेळी मी गृहीतच धरली नव्हती. माझ्या मनात होतं वजीर एच५ वर नेऊन शह द्यायचा आणि राजाला पटभर पळवायचं. जी५ वरच्या वजिराने ते घर बंद केलं, आणि वर जी२ च्या प्याद्यावर नेम धरला. जी८ चा हत्ती त्याच्या पाठीशी. ती अख्खी जी रांग रिकामी होती, कारण जी७ चं प्यादं कुणी खाल्लं होतं? मी. आता पहिल्यांदा मी मोहरी मोजण्याऐवजी पटावर कामाला कोण आहे ते मोजलं. माझा बी१ चा घोडा आणि ए१ चा हत्ती जागचे हललेले नव्हते. त्याचे दोन्ही उंट मोकळे, वजीर आणि हत्ती एका रांगेत. माझी चार जास्तीची प्यादी एंडगेममध्ये बोलली असती. तोवर पोचायचं कसं, याचा विचार मी केला नव्हता.

वजीर एफ३ वर नेऊन शह दिला, त्यामुळे जी२ ही राखलं गेलं. राजा ई८ वर परतला. मग मी किल्लेकोट केला. राजा सुरक्षित करायचा, ही सवय. पण छोटा किल्लेकोट म्हणजे राजा जी१ वर, म्हणजे त्याच्या वजीर-हत्तीच्या बरोबर समोर. एखाद्याने पाऊस आला म्हणून पन्हाळीखाली जाऊन उभं राहावं तसं ते होतं.

त्याचा उंट जी४ वर आला, माझ्या वजिरावर. आता वजीर हलवायचा. माझ्याकडे वेळ होता, एक तासाहून अधिक. तरी मी चटकन तो डी३ वर ठेवला. ई४ आणि डी४ दोन्ही राखली जातात, वजीर मध्यावर राहतो, छान दिसतं, एवढाच विचार. शिवाय त्याचा उंट आता त्याच्याच वजिराच्या आड येतो, म्हणजे जी२ वरचा धोका तूर्त टळला, असंही मी स्वतःला सांगितलं.

उंट आड येतो, पण तो हलूही शकतो. म्हाताऱ्याने तो ई२ वर ठेवला. माझ्या वजिरावर, माझ्या एफ१ च्या हत्तीवर, आणि उंट बाजूला झाल्याने जी२ वर वजिराने मात. एका खेळीत तीन गोष्टी. वजिराने उंट खाल्ला तर लगेच मात. मी वजीर जी३ वर आणून अदलाबदल केली, हत्ती देऊन उंट घेतला, आणि या गडबडीत डी४ चं प्यादंही गेलं.

तिथेच हात पुढे करायला हवा होता. मी आणखी वीसेक खेळ्या ओढल्या. आशा होती असं म्हणणार नाही. उठलो तर बाकीच्यांना कळेल, एवढंच कारण. पाचव्या पटावर आमच्या संघातला शाळकरी मुलगा एक प्यादं कमी असताना हत्तींच्या एंडगेममध्ये दात-ओठ खात बरोबरी वाचवत होता, आणि मी माझ्या खुर्चीत बसून लोकांच्या नजरा चुकवत होतो.

पहिला पट आम्ही जिंकला, सहावा हरलो, दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्यावर बरोबरी. माझा शून्य धरून अडीच विरुद्ध साडेतीन. मी नुसती बरोबरी केली असती तर तीन-तीन.

डावानंतर खाली बारमध्ये बसून तो डाव पुन्हा मांडायची इथे पद्धत आहे. हरलेल्याने नाही म्हणायचं नसतं. म्हाताऱ्याने खिशातून घडीचा छोटा पट काढला. "बी५ पाहिलं आणि मला हसू आवरेना," तो म्हणाला, अगदी सौम्यपणे. "हे मी शाळेत असताना शिकलो. लांगेचं आहे. हल्ली कुणी खेळतच नाही." मॅक्स लांगे हा १९व्या शतकातला जर्मन खेळाडू, एच६ वर घोडा न्यायच्या या बचावाला त्याचं नाव आहे. म्हणजे ज्या खेळ्यांना मी माझी प्रतिभा समजत होतो, त्या बी५ पासून जी५ वरच्या वजिरापर्यंत सगळ्या छापलेल्या होत्या, आणि काळ्यासाठी चांगल्या म्हणून छापलेल्या होत्या. दोघांपैकी फक्त त्याला ते ठाऊक होतं.

मग त्याने मला एक गोष्ट दाखवली जिच्यामुळे त्या रात्री झोप आली नाही. उंट जी४ वर आला तेव्हा वजीर डी३ वर न नेता सरळ एफ६ वर न्यायचा. ई५ चा उंट त्याला राखतो. दोन वजीर समोरासमोर, अदलाबदल झाली तर काळ्याच्या हल्ल्यातला जीव जातो आणि माझी चार प्यादी चालायला लागतात. अदलाबदल टाळली तर त्याच्या उघड्या राजाला माझाच वजीर भिडतो. "इथे मी थोडा घाबरलो होतो," तो म्हणाला. एक तास वेळ असताना मी हे घर पाहिलंच नव्हतं, कारण संकटात सापडलेलं मोहरं मागे न्यायचं असतं असं माझ्या हाताने माझ्या आधी ठरवून टाकलं होतं.

परतीच्या गाडीत मी बोललो की सुरुवात ठीक झाली होती, एका खेळीत वजीर चुकीच्या घरावर गेला. कुणी काही म्हणालं नाही. घरी पोचल्यावर हेच बायकोला सांगितलं, दिवे मंद होते ही नवी माहिती जोडून. दुसऱ्या दिवशी सांगलीच्या मित्राला डाव पाठवला. खाली लिहिलं, "जिंकत आलो होतो, चौदाव्या खेळीला घात झाला."

त्याचा फोन आला. हा मित्र माझ्याबरोबर खेळायला लागला आणि आजही तिथल्या मुलांना शिकवतो. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"अरे, चौदावी राहू दे. पाचवी का खेळलास?"

"त्याने प्यादं खाल्लं नाही ना. ती लाइन माझी तयार नव्हती."

"तयार नव्हती तर विचार करायचास. डोकं गाडीत ठेवून आला होतास काय?"

मी म्हटलं, पुस्तकात नव्हतं, पटावर बसून सुचलं नाही, असं होतं कधीकधी. तो म्हणाला, बरं. त्याच्या त्या "बरं"मुळे मी फोन ठेवल्यावर फाइल उघडली. अगदी तळाशी, सगळ्या रंगीत फांद्यांच्या खाली, माझ्याच हातची काळ्या अक्षरातली एक ओळ होती: उंट बी६ — ए४. ए प्यादं दोन घरं पुढे. त्याने काळ्या उंटाची जागा आवळत नेता येते, म्हणून काळा बहुधा ए६ खेळून ए७ ला परतीची वाट करून ठेवतो. मग पांढऱ्याने निवांत मोहरी बाहेर काढायची. ना शह, ना बळी. लांब डाव. कॅप्टनने गाडीत मागितला होता अगदी तसा.

म्हणजे मला उत्तर माहीत होतं. मी ते लिहिलंही होतं. पटावर कधी खेळून मात्र पाहिलं नव्हतं, कारण ते मला कंटाळवाणं वाटलं होतं. मित्राला हे मी लगेच कळवलं नाही. पुढच्या दिवाळीला सांगलीला गेलो तेव्हा सांगितलं. त्याने तो डाव आपल्या वर्गातल्या मुलांना आधीच दाखवला होता, खेळाडूचं नाव गाळून.

हंगाम संपला तेव्हा आम्ही तळाला होतो आणि खालच्या डिव्हिजनमध्ये गेलो. दोष माझ्या एकट्याचा नव्हता, इतर सामनेही आम्ही हरलो होतो. पण ज्या रात्री अर्धा गुण पुरला असता ती रात्र माझी होती. कॅप्टनने त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. पुढच्या यादीत माझं नाव तिसऱ्याऐवजी पाचव्या पटावर होतं आणि तिसऱ्यावर तो शाळकरी मुलगा. यादी बरोबर होती.

इव्हान्स गॅम्बिट मी सोडलेलं नाही. कॅप्टनला आधी विचारतो आणि तो हो म्हणाला तरच खेळतो. लीगमध्ये प्यादं खाणारे जेवढे भेटतात, साधारण तेवढेच न खाणारेही भेटतात. तेव्हा तुमच्यापैकी कुणी ही सुरुवात खेळत असेल आणि समोरच्याचा उंट बी६ वर गेला, तर ए४ खेळा. ई५ च्या प्याद्यामागे लागू नका.